‘दया’चं ‘दळा’ होतं तेव्हा

शाळेने पाचवीतल्या एका मुलाला, मुलांच्या वाचन-लेखनातल्या अडचणी तपासणाऱ्या आमच्या केंद्रात पाठवलं, सोबत चिठ्ठी: ‘लेखनात फार चुका. अध्ययन अक्षमता आहे का तपासावे. परिक्षा जवळ आली आहे.’ अध्ययन अक्षमता म्हणजे बुद्धी ठीक असूनही वाचणं-लिहिणं जड जाणं. घर मूळचं सटाण्याकडचं, आता नाशिकला स्थायिक. वहीचं पान लाल शाईने भरलेलं: काया, फया, डोया, पानी, कोन.

चुका नुसत्या मोजून काही हाती लागत नाही, त्यांची वर्गवारी करावी लागते. मी चाळीस शब्दांचं श्रुतलेखन घालते, दहा-दहाचे चार गट. पहिल्यात सरळ शब्द, दुसऱ्यात ऱ्हस्व-दीर्घाचे, तिसऱ्यात जोडाक्षरं आणि रफार, चौथ्यात निरर्थक शब्द. शब्द एकदा म्हणायचा, मग वाक्यात, मग परत एकदा. ‘प-री-क्षा’ असं ताणून सांगायचं नाही. मग मूल आपल्या तोंडाकडे बघून लिहितं आणि तपासणी आपलीच होते. काही दिवसांनी तेच शब्द क्रम बदलून घालायचे.

दुसरी फेरी फार महत्त्वाची. दोन्ही वेळा तीच चूक आली, तर डोक्यात काहीतरी पक्कं बसलेलं आहे. आज ‘महाराट्र’ आणि पुढच्या खेपेला ‘माहाष्ट्र’, असं होत असेल तर हात चालतोय तोवर शब्द मनात धरून ठेवणंच जड जातंय. अशा वेळी मधली अक्षरं गळतात, टोकाची बहुधा टिकतात. त्यातून निरर्थक शब्दही कोसळले, तर मी पुढच्या सविस्तर चाचण्या लावते. अध्ययन अक्षमता २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात आहे, दाखला मिळाला तर परीक्षेत सवलती मिळतात. पण तो दाखला गावाकडच्या बोलीला देता येत नाही.

ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका मी वेगळ्या रकान्यात टाकते आणि निदानात त्यांना फारसं वजन देत नाही. बोलताना इ-ई, उ-ऊ यांतला फरक आपण कुणीच नीट पाळत नाही. कान मदत करत नाही, म्हणून नियम पाठ करावे लागतात. मराठी साहित्य महामंडळाचे लेखनाचे नियम शासनाने १९६२ साली मान्य केले, १९७२ साली आणखी चार आले, तरी ‘दूध’ दीर्घ आणि ‘दुधात’ ऱ्हस्व का, हे अनेक पदवीधरांना सांगता येत नाही. शाळेच्या चिठ्ठीतली ‘परिक्षा’ही त्याच रकान्यातली.

या मुलाच्या दोन्ही फेऱ्या जवळजवळ सारख्या निघाल्या. अक्षर गळलेलं नाही, ‘सूर्य’चा रफार जागेवर. चुका एकवटल्या होत्या ळ आणि ण यांच्यापाशी. त्याच्या घरी अहिराणी बोलतात, आणि या बोलीत ळच्या जागी य येतो, णच्या जागी न. त्यामुळे ‘डोया’ हा त्याच्या घरचा अस्सल शब्द. मग ऐकण्यातच दोष असेल का? चौथ्या गटात ‘कळबू’ होतं. ते त्याने बिनचूक लिहिलं, दोन्ही वेळा. ज्याला घरचा शब्दच नाही, तिथे कानाने ऐकलेलं सरळ कागदावर उतरलं. ‘काळा’ ऐकल्यावर मात्र आधी अर्थ जागा झाला, अर्थासोबत घरचा ‘काया’ आला आणि हाताने तो लिहिला.

सगळ्यात बोलका शब्द पहिल्या गटात सापडला. मी ‘दया’ म्हटलं, त्याने ‘दळा’ लिहिलं. ‘मन’चं ‘मण’ केलं. लाल शाईतून त्याने स्वतःच नियम काढला होता: आपला य शाळेत ळ होतो, आपला न शाळेत ण होतो. नियम शोधून तो नको तिथेही लावणारं मूल मंद कसं असेल?

त्याच्या आईने विचारलं, “मॅडम, घरात अहिराणी बंद करू का?” अजिबात नको, म्हटलं. वहीच्या पानाला मधोमध घडी, डावीकडे घरचा शब्द, उजवीकडे पुस्तकातला: डोया–डोळा, पानी–पाणी. रोज पाच जोड्या, आधी तोंडी, मग लिहून. खाली वेगळी चौकट, न बदलणाऱ्या शब्दांची: दया, माया, छाया, मन, वन. ही चौकट वगळली तर ‘दळा’ वाढतच जातो. चुकलेला शब्द दहादा लिहायला लावणं बंद. तिसऱ्या ओळीपासून मुलं वरचं बघून उतरवतात, डोकं दुसरीकडेच असतं.

अहवालात शाळेला एवढंच कळवलं की दाखल्याची गरज नाही, आधी फक्त ळ तपासा, तो बसला की ण घ्या. आणि दीड महिन्याने हीच चाळीस शब्दांची यादी, पहिल्यासारखीच घाला. निरर्थक शब्द गाळू नका.