बोटभर पाइप

आज पाचोऱ्याला आमच्या जुन्या व्हॅनसाठी पूर्ण दुपार गेली. पंधरा दिवसांपासून सिग्नलवर गाडी थरथरायची, सायलेन्सरमधून काळा धूर, पेट्रोलचं तर विचारू नका. एका ठिकाणी सांगितलं होतं, "मॅप सेन्सर गेला, बदलूनच टाका." इंजिनात जाणाऱ्या हवेचा दाब मोजतो तो. मी पैसे काढायच्या बेतात होतो.

मेकॅनिक नानांनी स्कॅनर लावला. आधी इंजिन बंद ठेवून नुसती चावी फिरवली, दाबाचा आकडा आला ९८ किलोपास्कल. म्हणजे बाहेरच्या हवेचा दाब बरोबर दाखवतोय. मग गाडी चालू केली. इंजिन हवा ओढतं, म्हणून आयडलवर, म्हणजे अ‍ॅक्सिलरेटर न दाबता, तो ३०-३५ वर यायला हवा, आमचा ६० च्या खाली येईना.

"भाऊ, सेन्सर चांगला शे," नाना म्हणाले आणि मॅनिफोल्डपासून (इंजिनाला हवा पोचवणाऱ्या नळ्यांपासून) सेन्सरपर्यंत जाणारा रबरी पाइप बोटांनी वाकवला. टोकाशी केसाएवढी चीर! वाकवली की उघडायची, सोडली की दिसायचीच नाही. तिथून हवा आत शिरायची, सेन्सरला दाब जास्त वाटायचा, ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, समजायचा इंजिनावर लोड आहे, आणि पेट्रोल वाढवायचा. आपल्याकडचा उन्हाळा रबराला कुठे टिकू देतो!

बोटभर नवा पाइप, दोन क्लिपा. आकडा ३४. स्टिअरिंगची थरथर थांबली तेव्हा मला खरंच भरून आलं, अण्णांच्या हातची गाडी आहे ती.

नानांनी पाइपाचेच पैसे घेतले. जुना तुकडा मी खिशात घालून आणलाय.