एक शीत भात आणि आमचे आठ महिने

मुलगा साडेचार वर्षांचा होता तेव्हा मोजून पाच गोष्टी खायचा. निळ्या कपातलं दूध, दहीभात पण त्यात मोहरी-जिरं दिसता कामा नये, ग्लुकोजची बिस्किटं, कुरमुरे आणि बटाट्याचे वेफर्स. बिस्किट तुटकं निघालं तर तेही नाही. ऑटिझमचं निदान तिसऱ्या वर्षीच झालेलं, पण खाण्याचा विषय आम्ही नखरे म्हणून सोडून दिला होता. माझी आई म्हणायची, भूक लागली की खाईल आपोआप. तेही करून पाहिलं, पोरगं दीड दिवस उपाशी राहिलं आणि शेवटी मीच रडत रडत बिस्किटाचा पुडा फोडला.

वजन बरं होतं म्हणून कुणी मनावर घेत नव्हतं. मग रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन ८.४. दिवसाला लिटरभर दूध पोटात जात होतं, त्याने भूक मरते, लोह मिळत नाही आणि वर बद्धकोष्ठता. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की आधी पोट, दात, गिळायला काही त्रास आहे का ते बघू, थेरपीचं नंतर. ज्याचं पोटच दुखतंय त्याला खा म्हणून शिकवून काय उपयोग! लोहाचं औषध सुरू झालं, दूध हळूहळू दोन कपांवर आणलं, आणि महिन्याभरात नुसत्या पोट साफ होण्यानेच त्याची चिडचिड निम्मी झाली.

अशा खाण्याला एआरएफआयडी, म्हणजे ठरावीकच पदार्थ खाण्याचा किंवा खाणं टाळण्याचा विकार, असं नाव आहे आणि ते २०१३ च्या डीएसएम-५ मध्ये, म्हणजे मानसिक विकारांच्या निदानाच्या अमेरिकन पुस्तकात आलं, हे मला तेव्हा कळलं. खरंतर मानसोपचारतज्ज्ञ लिओ कॅनरने १९४३ साली ऑटिझमच्या ११ मुलांवर जो गाजलेला लेख लिहिला त्यातसुद्धा खाण्याच्या तक्रारी आहेत, म्हणजे हे काही आमच्या लाडाने झालेलं नव्हतं.

पहिल्या थेरपी सेंटरमध्ये दोघींनी त्याचे हात धरले आणि तिसरीने चमचा ओठाला लावून ठेवला. आम्ही दहा मिनिटांत उठून आलो. नंतर वाचलं की तोंड उघडेपर्यंत चमचा न हटवणं ही अभ्यासलेली पद्धत आहे, अमेरिकेत हॉस्पिटलच्या फीडिंग प्रोग्रॅममध्ये वापरतात, पण तिथे डॉक्टर, आहारतज्ज्ञ सगळी टीम सोबत असते. इथे तर पोराची साधी फाइलही कुणी उघडली नव्हती. मला तरी ते पटलं नाही, आजही नाही.

दुसऱ्या थेरपिस्ट मॅडमनी आधी वही दिली. दोन आठवडे लिहा, जेवणाच्या आधी काय झालं, त्याने काय केलं, मग तुम्ही काय केलंत. वही भरली तेव्हा लाज वाटली. तो किंचाळला की ताट उचललं, हे आम्ही जवळपास प्रत्येक जेवणाला करत होतो, म्हणजे किंचाळलं की ताट जातं हे त्याला आम्हीच शिकवलं होतं.

मग सुरू झालं एका शितापासून. शितावरून भाताची परीक्षा म्हणतात, इथे परीक्षा आमचीच होती. वरण लागलेलं एक शीत ताटाच्या कडेला. फक्त असू द्यायचं. पुढे बोटाने शिवायचं, मग ओठाला, मग जीभ. प्रत्येक पायरीला बक्षीस म्हणजे पंख्याचं बटण चालू-बंद करायला मिळणार, कारण चॉकलेटला तो विचारतही नाही पण पंख्यासाठी जीव टाकतो. वेळा ठरलेल्या, मधे फक्त पाणी, मोबाइल बंद. पिवळा रंग त्याला चालेना म्हणून दहीभातात वरणाचा एक थेंब, चार दिवसांनी दोन, असं करत करत पाव चमचा. तेवढ्याला सात आठवडे लागले. त्यात आई सेशनच्या आधी गुपचूप बिस्किटं भरवते हे कळलं, त्यावरून घरात जे भांडण झालं ते इथे लिहीत नाही. नंतर ताप आला आणि सगळं पुन्हा पाचवर. मॅडम म्हणाल्या, सर, होतं असं, दोन पायऱ्या खाली या, शून्यावर जाऊ नका.

आता चौदा पदार्थ आहेत. वरणभात, नाचणीची बिस्किटं, घावन, आणि का कोण जाणे, कारल्याच्या काचऱ्या. हिमोग्लोबिन ११.२. टोमॅटो टेबलावर आला की मात्र तो उठून पंखा बंद करतो आणि आपल्या खोलीत जातो. टोमॅटोचं सध्या आम्ही सोडून दिलंय.