तुम्ही विचारलंत म्हणून: नाव अजून गावच्या मतदार यादीतच का?

ऑफिसात हा प्रश्न मला दर इलेक्शनला येतो. पुण्यात बारा वर्षं झाली, लाईट बिल इथलं, गॅस इथला, मग मत द्यायला जळगाव जिल्ह्यात यावलकडे कशाला पळतोस, पत्ता बदलायचा फॉर्म ८ भर ना, मोबाईलवरून होतं, पंधरा मिनिटांचं काम आहे. बरोबर आहे. नियमानं पण राहतो तिथेच नाव पाहिजे, हे कोणी सांगायची गरज नाही, मलाच लाज वाटते कधीकधी. फॉर्म दोनदा अर्धा भरून सोडलाय. का सोडला ते एकदा लिहूनच टाकतो, म्हणजे पुढच्या वेळी लिंक पाठवून मोकळा.

२०२४ ची विधानसभा घ्या. मतदान २० नोव्हेंबरला, बुधवार. मंगळवारी रात्री पुण्याहून महाराष्ट्र एक्सप्रेस धरली, सकाळी भुसावळ, आणि एसट्या निम्म्या इलेक्शन ड्युटीला गेलेल्या म्हणून काळीपिवळीत मागच्या सीटवर चौथा माणूस होऊन तापीचा पूल ओलांडला. पुलाच्या पलीकडे गेलं की समोर सातपुडा, खाली केळी, आणि थंडी एकदम कानाला लागते.

घरी आलो तर आवाजच नाही! प्रचार सोमवारी संध्याकाळी सहाला बंद झालेला. त्याआधीचे पंधरा दिवस फोनवर आई बोलायची तेव्हा मागे कोणाचं तरी गाणं वाजतच असायचं, भाऊ-दादा-ताई सगळ्यांची गाणी एकाच चालीवर, आणि आता कोंबड्याचं पण ऐकू येत होतं. कापूस वेचणीवाल्या बायकाही त्या दिवशी शेतात नाहीत, सकाळीच मत टाकून आपापल्या अंगणात बसलेल्या. वर्षात असा दिवस आमच्याकडे दुसरा नसतो. दिवाळीत पाव्हणे, मे महिन्यात लग्नं आणि ऊन. लोकसभेचं मतदान त्याच वर्षी १३ मे ला होतं, तेव्हा आलो होतो पण ते येणं नव्हतं, भट्टीत जाऊन परत येणं होतं.

पुढच्या खोलीत कापूस भरलेला. छतापर्यंत नाही पण खिडकी झाकेल इतका. लांब धाग्याचा हमीभाव त्या वर्षी क्विंटलला ७५२१, व्यापारी त्याच्या खाली मागतो, म्हणून बाबांनी ठेवून दिला. शिवाय आचारसंहिता, ५० हजाराच्या वर रोख घेऊन निघालं की नाक्यावर कागद दाखवा, "माह्याच कापसाचे पैसे अन् मीच चोर" असं बाबांचं. कापूस भरलेल्या खोलीत कधी बसलात का? आवाज पिऊन टाकतो तो. मी लहानपणासारखा त्यावर आडवा झालो, दहा मिनिटं स्वर्ग, मग अंगाला जी खाज सुटली ती पुण्यापर्यंत.

आजीने विचारलं, "कायले इतके पैसे घालून येतं रे?" दरवेळी विचारते. आजी ८६ ची. ८५ च्या वरच्यांना घरीच मत देता येतं, १२ डी नावाचा फॉर्म असतो, दिवाळीच्या तोंडावर मतदार यादीचं काम बघणाऱ्या बीएलओ मॅडम तो घेऊन आल्या होत्या. आजीने परत पाठवलं. "घरी बसून मत? मी काय अंथरुणावर पडेल हाये का?" आता तिला शाळेपर्यंत हळूहळू कोण नेणार, तर मी. बाबांना तेवढा दम नाही, ते चार पावलं पुढे चालतात आणि मागे वळून बघत उभे राहतात.

पण त्याआधी भरीत. बामणोदकडची हिरवी पांढरट वांगी, कपाशीच्या काड्यांवर भाजलेली, आणि सालं काढायला आजीच बसणार, गरम गरम, मध्येच बोटं पाण्यात बुडवून. मग लाकडी मुसळीने ठेचायचं, त्यात मिरची, लसूण, कांद्याची पात, शेंगदाणे. टोमॅटो नाही. (पुण्यात टोमॅटो घालतात, त्यावर वेगळं लिहीन.) सोबत कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची भाकरी. आणि गंमत म्हणजे एवढं सगळं करणारी आजी स्वतः खात नाही, चातुर्मासात सोडलेलं वांगं तिचं थेट चंपाषष्ठीला सुटतं. वासावरून मीठ सांगते. "कमी हाये, टाक जरासं." आणि बरोबर असतं.

दुपारी तीनला निघालो. दहा मिनिटांचा रस्ता, आम्हाला अर्धा तास, कारण प्रत्येक ओट्यावर आजीला थांबायचं. केंद्रावर रांग जवळजवळ नव्हतीच. आत गेलो, शाईवाल्या सरांनी तिचं डावं बोट धरलं आणि बघतच राहिले. पेरापासून नखापर्यंत काळं. "आजी, शाई आधीच लागलीये की काय?" सगळे गप्प. आजी म्हणाली, "भरताचं हाये ते, हुंगून पाहा." सरांनी खरंच हुंगलं! मग ओल्या कपड्याने घासून घासून पुसलं, खाली शाई नाही याची खात्री केली आणि वर खरी शाई लावली. मशीनपाशी पण गोंधळ, मत कोणाला गेलं ती चिठ्ठी शेजारच्या यंत्राच्या काचेत सात सेकंदच दिसते आणि आजीचा चष्मा कनवटीला, लावेपर्यंत चिठ्ठी खाली पडलेली. बाहेर येऊन म्हणाली, "दिसलं काहीच नाही, पण बीप वाजला."

कोणाला दिलं मी विचारत नाही. तीही सांगत नाही.

संध्याकाळी अंगणात शेकोटी. कोण येणार यावर बाबांचं आणि शेजारच्या काकांचं थोडं झालं, पण आवाज न चढवता, जणू सगळ्यांनाच ती शांतता अजून एक रात्र हवी होती. मी गुरुवारी निघालो, डब्यात भरीत घेऊन.

२३ ला निकाल लागला, ५ डिसेंबरला शपथविधी पण झाला. ७ ला चंपाषष्ठी. आईने व्हिडिओ कॉल लावला, आजी ताट घेऊन बसलेली, पहिला घास. फोनच्या अगदी जवळ बोट आणून दाखवलं तिने, शाई अजून तशीच, फक्त नखाच्या मुळाशी जेमतेम एक पांढरी रेघ आलेली.

"भरताचं गेलं," म्हणाली, "हे काही जात नाही."