मर्कॅप्टो म्हणजे पारा नव्हे

पुण्यातल्या एका बायोटेक लॅबचं केमिकल स्टोअर माझ्याकडे आहे, बरीच वर्षं झाली. मागच्या पावसाळ्यात एका सोमवारी सकाळी जिन्याच्या तोंडाशी बाटली फुटल्याचा आवाज आला आणि मी बाहेर येईपर्यंत वास नाकात शिरलेला, सडकी अंडी आणि जळकं रबर एकत्र केल्यासारखा, एकदा घेतलाय त्याला बाटली बघावीच लागत नाही. टू-मर्कॅप्टोइथेनॉल. प्रोटीनमधले डायसल्फाइड बंध, म्हणजे गंधकाच्या दोन अणूंमधले जोड, तोडायला आम्ही ते सॅम्पल बफरमधे (नमुना ज्यात मिसळतो त्या द्रावणात) घालतो, एका वेळी काही मायक्रोलिटर लागतं, आणि इथे १०० मिलीची बाटली, निम्म्याहून जास्त भरलेली, सगळी फरशीवर.

बाटली नेणारी पोरगी ट्रेनी, एमेस्सी करून नुकतीच लागलेली. घाबरली होती पण पळून गेली नाही, उलट धावत जाऊन पाऱ्याचं स्पिल किट घेऊन आली आणि गुडघ्यावर बसून त्यातली गंधकाची पावडर टाकायला लागली. मी ओरडलोच, "अगं उठ, लांब हो आधी, हे काय टाकतेयस?" तर म्हणाली, "सर, मर्क्युरीचं आहे ना हे? कपाटात मर्क्युरिक क्लोराइडच्या, त्या पाऱ्याच्या क्षाराच्या, शेजारीच होतं."

तेव्हा बोलायला वेळ नव्हता. हे विषारी असतं, कातडीतूनही आत जातं, तर तिला आधी साबणाने हात धुवायला लावून डॉक्टरकडे पाठवलं, मजला रिकामा केला. मग मी आणि एक सहकारी मास्क आणि दुहेरी ग्लोव्हज घालून परत आत. आधी सगळं वर्मिक्युलाइटमधे, म्हणजे द्रव शोषून घेणाऱ्या खनिजाच्या भुशात, टिपून घेतलं आणि थोडं थोडं करून फ्यूम हूडमधल्या (वाफा बाहेर खेचणाऱ्या बंदिस्त ओट्यावरच्या) पातळ ब्लीचच्या बादलीत टाकलं, मग फरशी ब्लीचने पुसली. ब्लीच थेट द्रवावर ओतायचं नाही, रिअॅक्शन फार गरम होते. या रसायनाच्या रेणूतच गंधक असतं, ब्लीचने त्याचं ऑक्सिडेशन होतं आणि वास मरतो.

पण तोवर वास जिन्यातून खाली कँटीनमधे पोचलेला. कँटीनच्या मावशींनी शेगड्या बंद केल्या, रेग्युलेटर बंद केला, खिडक्या उघडल्या, लाईटच्या बटणाला हात लावला नाही, सगळ्यांना बाहेर काढलं आणि बाहेर जाऊन १९०६ला फोन लावला. एकही गोष्ट चुकली नाही त्यांची. माणूस येऊन तपासून गेला, लीक कुठेच नव्हतं. मावशींना वाटलं आपण उगाच गोंधळ घातला. मी मुद्दाम खाली जाऊन सांगितलं, मावशी, तुमच्या नाकाने बरोबरच ओळखलं. सिलिंडरमधल्या गॅसला स्वतःचा असा वास जवळपास नसतोच, लीक कळावं म्हणून त्यात मुद्दाम इथाइल मर्कॅप्टन मिसळतात, आणि वर फुटलं ते त्याच घराण्यातलं. १९३७ साली टेक्सासमधल्या न्यू लंडन गावच्या शाळेत बिनवासाचा गॅस साठून स्फोट झाला, जवळपास ३०० जीव गेले, बहुतेक लहान मुलं. त्यानंतर तिथे गॅसला वास घालायचा कायदा झाला. मावशी बराच वेळ गप्प होत्या, मग म्हणाल्या, पोरांना वासच आला नसेल हो.

दुपारी ट्रेनी डॉक्टरकडून परत आली, तब्येत ठीक होती. तिला बसवलं आणि कागदावर एसएच, म्हणजे सल्फर (गंधक) आणि हायड्रोजनची जोडी, काढून दिलं. अल्कोहोलच्या ओएचमधला ऑक्सिजन काढून तिथे सल्फर बसवला की थायॉल, त्याचंच जुनं नाव मर्कॅप्टन, आणि हा गट रेणूच्या नावात पुढे जोडायचा तर मर्कॅप्टो. १८३४च्या सुमाराला झाइझ नावाच्या डॅनिश केमिस्टने हे नाव दिलं, लॅटिनमधल्या मर्क्युरियम कॅप्टान्स वरून, म्हणजे पाऱ्याला पकडणारा. पारा असलेला नव्हे, पकडणारा! रसायनांची नावं ठरवणाऱ्या आयुपॅक या आंतरराष्ट्रीय संस्थेने आता मर्कॅप्टो बाजूला ठेवून सल्फॅनिल घेतलंय, पण बाटल्यांवर आणि औषधांवर जुनंच चालतं.

आणि तिची चूक मला आजही पूर्ण चूक वाटत नाही. सांडलेल्या पाऱ्यावर आपण गंधक टाकतो ते पारा आणि गंधकाच्या याच ओढीमुळे. आपल्याकडे वैद्य पारा आणि गंधक खलात घोटून काळी कज्जली करत आले, हिंगुळ म्हणजे तरी पारा आणि गंधकच. पारा शरीरात गेला की एन्झाइममधल्या याच एसएच गटांना जाऊन चिकटतो म्हणून विष, आणि उतारा म्हणून जे डायमर्कॅप्रॉल देतात त्यात दोन एसएच असतात, ते पाऱ्याला आपल्याकडे ओढून घेतात. तिने जोडी बरोबर ओळखली, फक्त समोर पारा नव्हता.

खरी चूक माझ्या कपाटाची. मी बाटल्या इंग्रजी अक्षरांप्रमाणे लावलेल्या, शोधायला सोपं म्हणून, त्यामुळे मर्कॅप्टो आणि मर्क्युरिक एका फळीवर. नव्या माणसाने दुसरं काय समजायचं? आठवडाभर बसून सगळं स्टोअर धोक्याच्या प्रकाराप्रमाणे लावलं, पाऱ्याचे क्षार वेगळे कुलपात, थायॉल सगळे हवा खेचणाऱ्या कपाटात, प्रत्येक बाटलीला बाहेरून दुसरा डबा, फुटली तरी त्यातच राहील असा. लेबलं तिनेच लिहिली.

लेबलं लिहिता लिहिता तिने विचारलं, "सर, ते मर्कॅप्टोप्युरिन नावाचं औषध असतं ना, त्यात पण पारा नसतो ना?" मी म्हटलं अजिबात नाही, प्युरिन नावाच्या कड्यांच्या रेणूत सहाव्या कार्बनवर सल्फर आहे फक्त. गर्ट्रूड एलियन आणि जॉर्ज हिचिंग्ज या अमेरिकन शास्त्रज्ञांच्या लॅबमधलं औषध आहे, १९५३पासून ल्युकेमियाला (रक्ताच्या कर्करोगाला) वापरात, दोघांना १९८८चं नोबेल मिळालं. ती पेन खाली ठेवून तशीच बसली. तिच्या आत्याच्या सात वर्षांच्या मुलाला ती गोळी रोज चालू होती, आणि गोळीवरचं नाव वाचल्यापासून आत्या रोज रात्री गोळी देताना रडायची म्हणे. रोजचं औषध, एकदा चुकवलं तरी चालत नाही असं डॉक्टरांनी बजावलेलं.

मी म्हटलं, लेबलं राहू देत, आधी फोन लाव.