इंडेक्स टूवरचं नाव

रविवार, रात्र

गुंतवणूक म्हणून बघितलेल्या म्हाळुंग्याच्या फ्लॅटचा हिशेब आज कागदावर मांडला. किंमत ६५ लाख. पुण्यात मुद्रांक शुल्क ७ टक्के, पण घर बाईच्या एकटीच्या नावावर असेल तर एक टक्का सवलत, म्हणजे ३ लाख ९० हजार. बांधकाम चालू आहे म्हणून ५ टक्के जीएसटी, ३ लाख २५ हजार. नोंदणीचे ३० हजार. घराला हात लागायच्या आधीच साडेसात लाख गेले.

भाडं तिथे वीस हजारांच्या आसपास मिळेल. मेंटेनन्स, घरपट्टी, मधला एखादा रिकामा महिना वजा केला तर वर्षाला हातात पावणेदोन लाख. गुंतवलेल्या रकमेच्या अडीच टक्केसुद्धा नाहीत. ४५ लाख कर्ज साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांसाठी काढलं तर हप्ता ३९ हजार, आणि फेडताना मुद्दलापेक्षा व्याजच जास्त. भाडेकरूच्या पैशांतून हप्ता सुटतो असं सगळे सांगतात. इथे तो निम्माच सुटतो, तोही ताबा मिळाल्यावर. ताब्याची तारीख विक्रीच्या माणसाने पुढच्या दिवाळीची सांगितली. महारेराच्या, म्हणजे बांधकाम प्रकल्पांवर देखरेख करणाऱ्या सरकारी प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर त्याच प्रकल्पाची तारीख त्यानंतर वर्षभराने आहे. मी तीच धरणार.

हे म्हणाले, "मेट्रो आली की भाव वाढतील." वाढतीलही. पण मेट्रो येणार हे विकणाऱ्यालाही ठाऊक आहे, आणि त्याने ते आजच्या दरात धरलेलं आहे.

एवढं मांडून झाल्यावर नाही म्हणणं सोपं असायला हवं होतं. तरी मन तिथून हटत नव्हतं, आणि संध्याकाळभर त्याचाच विचार केला. मला भाडं नकोच आहे. मला इंडेक्स टूवर, म्हणजे घर कुणी घेतलं ते दाखवणाऱ्या नोंदणीच्या सरकारी उताऱ्यावर, माझं एकटीचं नाव हवं आहे.

आईच्या नावावर कधी काही नव्हतं. तासगावची जमीन आजोबांमागे मामांकडे गेली. आईने हक्कसोडपत्रावर सही केली, मामांनी साडीचोळी केली आणि सगळे जेवायला बसले. कुणी जबरदस्ती केली नव्हती. माहेर तुटायला नको, एवढंच तिचं म्हणणं. २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच हक्क दिला, पण सही मागायला भाऊच आला की कायद्याचं कलम कुणाला आठवतं? पुढे बाबा गेल्यावर आई कधी दादाकडे, कधी माझ्याकडे राहिली. दोन्हीकडे तिला मान होता. तरी भिंतीला खिळा ठोकायचा असला की ती आधी विचारायची. ते विचारणं मला आजही सहन होत नाही.

आमचं राहतं घर दोघांच्या नावावर आहे, आणि त्यात मला काही कमी पडलेलं नाही. पण नोकरीतून साठवलेले पैसे माझे आहेत. त्यातून उभं राहिलेलं, कुणालाही न विचारता विकता येईल किंवा राहता येईल असं घर मला हवं आहे. ही इच्छा गुंतवणुकीच्या हिशेबात बसत नाही, म्हणून ती लहान आहे असं मला वाटत नाही.

मग घर निवडायचं तेही वेगळ्या नजरेने. वीस हजार भाडं देणारं नव्हे, मला एकटीला राहता येईल असं. कर्वेनगर किंवा वारज्यात जुन्या सोसायटीतला वन बीएचके, लिफ्ट असलेला, दवाखाना आणि भाजीमंडई चालत गाठता येईल असा. भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे इमारत राहण्याजोगी पूर्ण झाल्याचा दाखला, झालेल्या घराला जीएसटी नाही. कर्ज काढायचंच तर थोडं, माझ्या निवृत्तीआधी फिटणारं. वकिलाकडून सर्च रिपोर्ट, म्हणजे मालकीच्या जुन्या कागदांची तपासणी, आणि सोसायटीचं कन्व्हेयन्स, म्हणजे जमीन बिल्डरकडून सोसायटीच्या नावावर, झालंय का, हे टोकन देण्याआधी बघायचं.

म्हाळुंग्याच्या माणसाला उद्या सकाळी नाही कळवते. ह्यांना आत्ताच सगळं सांगितलं. थोडा वेळ गप्प बसले, मग म्हणाले, "वारज्यातलं बघायला मीही येतो." या म्हटलं. पण करारावर सही माझी एकटीची.