शब्द क्रमांक ११७ : ॲप्रोबेट

मंडळी, या महिन्याची कमाई एक शब्द. जूनमध्ये नऊ नव्या शब्दांची कार्डं भरली होती. पाऊस, लोकलचे हाल अशी कारणं देता येतील, पण खरं म्हणजे हाच एक शब्द सुटता सुटेना.

सापडला तो घरच्या भांडणात. परळची आमची बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेलीय, सगळे भाड्याच्या घरांत पांगलोय. तिसऱ्या मजल्यावरच्या काकांनी वर्षभर बिल्डरकडून भाड्याचे चेक घेतले आणि आता म्हणतात, करारच मान्य नाही. सोसायटीच्या वकिलांनी त्यांना पत्र पाठवलं. त्यात एक ओळ : तुम्हाला एकाच वेळी ॲप्रोबेट आणि रेप्रोबेट करता येणार नाही. बाकीचे सभासद पत्रातल्या तारखा वाचत होते, मी ही ओळ उतरवून घेत होतो. बायको म्हणाली, तुला घर हवंय की शब्द?

पहिला अंदाज सपशेल चुकला. मृत्युपत्राचं प्रोबेट आपल्याकडे सगळ्यांना ऐकून माहीत, म्हणून सुरुवातीचा ‘ॲ’ नकारार्थी धरून ‘प्रोबेट न झालेला’ असं कार्डावर लिहून मोकळा झालो. तेही शाईने. खोड अजून दिसते.

खरा अर्थ : ॲप्रोबेट म्हणजे पसंत करून मान्य करणं, रेप्रोबेट म्हणजे नाकारणं. मूळ लॅटिन ‘प्रोबारे’. म्हणजे पारखणं, कसोटीला लावून चांगलं ठरवणं. प्रोबेट, प्रोबेशनवरचा नोकर, प्रूफ, सगळी एकाच घरातली भावंडं. आपला रोजचा ‘अप्रूव्ह’ही तिथलाच, फक्त तो फ्रेंचमार्गे इंग्रजीत आला आणि ॲप्रोबेट थेट लॅटिनमधून. म्हणजे तद्भव आणि तत्सम. ‘काम’ आणि ‘कर्म’ शेजारी ठेवा, तोच प्रकार. आघात पहिल्या अक्षरावर.

नुसता, जोडीदाराशिवाय वापरलेला ॲप्रोबेट आता जवळजवळ मेला. त्याचं नाम ‘ॲप्रोबेशन’ मात्र अजून धडधाकट आहे. अमेरिकेत हे क्रियापद थोडं जास्त टिकलं, रीतसर परवानगी देणं या अर्थाने. राल्फ वाल्डो इमर्सन या अमेरिकन लेखकाला १८२६ साली धर्मोपदेशाची परवानगी मिळाली, त्यासाठी हाच शब्द वापरतात.

जिवंत राहिला तो कोर्टात, आणि तोही जोडीने. ही जोडी स्कॉटलंडच्या कायद्यातली. एखाद्या दस्तातलं फायद्याचं तेवढं घ्यायचं आणि अडचणीचं नाकारायचं, हे चालणार नाही. इंग्लंडच्या कायद्यात याच तत्त्वाला ‘इलेक्शन’ म्हणतात. मतदान नव्हे, निवड. आपल्याकडे ते १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ३५ मध्ये आहे. सुप्रीम कोर्टाने १९९२ साली एका भाडेकरूला हेच ऐकवलं. हायकोर्टात जागा सोडण्याची हमी देऊन त्याने मुदत मिळवली होती, ती पदरात पडल्यावर त्याच निकालाविरुद्ध वर अपील! काकांनी हा निकाल वाचायला हवा होता.

आता आपला खरा छंद, मराठी प्रतिशब्द. इथेच तीन आठवडे गेले. ‘मंजूर करणे’ फार सरकारी. ‘अनुमोदन’ म्हटलं की सोसायटीच्या सभेतले सूचक-अनुमोदक डोळ्यांपुढे येतात. तिथे अनुमोदक बहुधा नुसता हात वर करतो. ‘मम म्हणणे’ मला फार आवडतं, पण त्यात पारख अजिबात नाही, गुरुजी सांगतील त्याला यजमानाचा होकार. प्रोबारेचा कस त्यात उतरत नाही. जोडीसाठी ‘दोन्ही डगरींवर हात’ सुचलं. तेही अर्धवटच, कारण असा माणूस अजून काठावर असतो. ॲप्रोबेट करणारा फायदा घेऊन बसलेला असतो. शेवटी संस्कृतातल्या अर्धकुक्कुटी न्यायाने सोडवलं : अर्धी कोंबडी शिजवायची आणि अर्धी अंड्यांसाठी राखायची. कार्डावर लिहिलं. या वेळी पेन्सिलीने.

पण महिन्याचा खरा दागिना वेगळाच मिळाला. झवेरी बाजारात दलाली केलेल्या मित्राला हे सांगत होतो. तो म्हणाला, अरे, म्हणजे माल जांगडमधून बाहेर आला की. जांगड! हिऱ्यांची पुडी पसंतीसाठी न्यायची, जांगड चिठ्ठीवर सही करायची, पटली तर ठेवायची, नाहीतर परत. तोवर मालकी देणाऱ्याचीच. मोल्सवर्थच्या जुन्या मराठी-इंग्रजी कोशातही हा शब्द आहे. १९३० च्या माल विक्री कायद्याचं कलम २४ अशाच पसंतीवर दिलेल्या मालाचं आहे, आणि त्यात एक मेख आहे. ‘पसंत आहे’ असं तोंडाने म्हणायलाच हवं असं नाही. सौदा स्वीकारल्यासारखं वागलात, किंवा नापसंती न कळवता ठरल्या मुदतीपलीकडे माल ठेवून घेतलात, तरी तो तुमच्या गळ्यात पडला. म्हणजे माल जांगडवर आहे तोवर दोन्ही दारं उघडी, आणि ॲप्रोबेट झालं की एक दार बंद. आता शब्द पक्का बसला. वर्षभर चेक वटवणं हे तोंडाने न म्हटलेलं ‘पसंत’च.

रेप्रोबेटबद्दल थोडक्यात : क्रियापद म्हणून नाकारणे, नाम म्हणून वाया गेलेला माणूस. कॅल्व्हिनच्या ख्रिस्ती पंथात देवाने नाकारलेला. त्याला वेगळं कार्ड देत नाही, याच्याच पाठीवर लिहिलाय.

पुढचा शब्द होमोलोगेट, हाही मंजुरीचाच. फेरारी २५० जीटीओ या गाडीच्या नावातला ‘ओ’ त्याचाच इटालियन अवतार आहे, एवढं हाती आहे. कुणाकडे याला चांगला मराठी शब्द असेल तर कळवा, ‘प्रमाणित’ सोडून.

जाता जाता : काल काकांचं उत्तर आलं. भाडं आपण ‘विदाउट प्रिज्युडिस’ घेत होतो म्हणे, म्हणजे हक्क राखून. ते माझ्याकडे आधीच आहे, कार्ड क्रमांक ४१.