गळ पिशवीत ठेवून नदी फिरलो

पहिल्या खेपेला मी हिमाचलातल्या तीर्थन नदीच्या काठावर पोचलो ती तारीख होती ५ नोव्हेंबर. पाडव्याच्या संध्याकाळी बेळगावातून गोवा एक्स्प्रेस धरली, भाऊबीज बुडवली (बहीण अजून टोमणे मारते), दोन रात्री गाडीत, तिसरी दिल्लीहून मनालीला जाणाऱ्या बसमध्ये. पहाटे औटच्या बोगद्याच्या तोंडाशी उतरलो, तिथून बंजार, बंजारहून गुशैणी. खांद्यावर मासे पकडायच्या रॉडची नळी, पिशवीत दोन किलो कुंदा, आमची बेळगावची मिठाई. ज्यांच्या घरी उतरायचं होतं त्या चाचाजींनी आधी नळीकडे बघितलं, मग कुंद्याच्या डब्याकडे, आणि म्हणाले, "भाईजी, मछली तो एक तारीख से बंद है."

हिमाचलात ट्राउट या माशाची पकड १ नोव्हेंबर ते फेब्रुवारीअखेर बंद असते. मासा अंडी घालतो म्हणून. हे मला माहीत नव्हतं का? म्हटलं तर होतं. कुठेतरी वाचलं होतं, पण डोक्यात दिवाळीची सुट्टी बसलेली. उद्यमबागेत मशीन शॉपमध्ये काम करणाऱ्याला सलग आठ दिवस दुसरे कधी मिळणार? तारखा सुट्टीला जुळवल्या, माशाला जुळवायच्या राहिल्या.

हा नाद लावला आमच्या खानापूरच्या मामांनी. लहानपणी मलप्रभेच्या डोहावर मामांबरोबर बसायचो. ज्वारीच्या चिपाडाचा तुकडा तंगूसाला बांधलेला, गरीला गांडूळ, आणि दिवसभर त्या चिपाडाकडे टक लावून बघत राहायचं. मरळ लागली तर कालवण, नाही लागली तर मामी ओरडायची. आता त्या काठावर रविवारी बसायला जागा नसते. असोग्याला देवळाखाली तर मोटारसायकली, स्पीकर, पाण्यात उड्या मारणारी पोरं. पश्चिमेकडे आत रानात जावं म्हटलं तर २०११ पासून तिकडे भीमगड अभयारण्य आहे, १९० चौरस किलोमीटरचं, आणि अभयारण्यात गळ टाकता येत नाही. एकदा मी आणि मामा चुकून हद्दीत शिरलो होतो, तेव्हा वनरक्षकाने नीट समजावून परत पाठवलं होतं. मामांनी त्यालाच तंबाखू देऊ केली.

तरीही हिमाचलात जाताना माझी समजूत काय, तर ग्रेट हिमालयन नॅशनल पार्क म्हणजे ७५४ चौरस किलोमीटरचं रान, युनेस्कोच्या यादीत २०१४ साली गेलेलं, तिथे आत जितकं जाऊ तितकी गर्दी कमी आणि मासा जास्त. चाचाजींनी पहिल्याच चहाला ती समजूत मोडली. राष्ट्रीय उद्यानाच्या आत गळ टाकायचाच नाही, मोसम असो वा नसो. मासेमारी चालते ती उद्यानाबाहेर, त्याला लागून असलेल्या इकोझोनच्या पट्ट्यात आणि तिथून खाली, तीही मत्स्य विभागाचा परवाना घेऊन. थोडक्यात, गर्दी टाळायला आत पळून जाण्याचा रस्ताच नाही. जी काही निवांत जागा शोधायची ती सगळ्यांच्या नाकासमोरच शोधायची.

परतीचं तिकीट चार दिवसांनंतरचं. मग रॉड नळीतच ठेवला आणि नदी पायी फिरलो. आता मागे वळून बघतो तर त्या चुकलेल्या खेपेनेच माझं काम केलं. हातात गळ असला की माणूस पाणी दिसेल तिथे थांबतो. हात रिकामे होते म्हणून मी चालत राहिलो.

पहिल्या दिवशी रस्त्याने गेलो. बंजार ते गुशैणी रस्ता बहुतेक नदीला धरूनच जातो. जिथे गाडी लावायला थोडी जागा आहे, तिथून खाली उतरायला पायवाट झालेली, आणि पायवाट संपते तिथे काठावर बिस्किटांची वेष्टनं आणि तुटलेल्या तंगूसाची गुंतवळ. बंद मोसमातही मोसमातली गर्दी कुठे बसते ते असं उघड दिसत होतं. मी वहीत नुसतं लिहीत गेलो: गाडीची जागा, पायवाट, कचरा. गाडीची जागा, पायवाट, कचरा. होमस्टेच्या अंगणासमोरचा प्रत्येक डोह याच रांगेतला.

दुसऱ्या दिवशी चाचाजी म्हणाले, पलीकडे जाऊन बघा की. म्हणजे ते हिंदीत म्हणाले, पण 'बघा की' आमचं. गावाच्या झुलत्या पुलावरून पलीकडे गेलो आणि रस्त्याच्या समोरच्या काठाने खाली चालत आलो. सफरचंदाच्या बागा, मध्ये दगडी बांध, गाईंची वाट. बागेतून जाताना प्रत्येक ठिकाणी विचारून गेलो, कुणी नाही म्हटलं नाही, एका आजींनी तर दोन सफरचंदं हातात ठेवली. ज्या डोहांवर काल कचरा मोजला होता त्यांच्यापासून शंभर-दोनशे पावलांवर, पण या बाजूला, काठावर माणसाच्या पायाची एक खूण नव्हती. रस्त्यावरून तो भाग दिसतच नाही, मध्ये एक मोठा कातळ आणि झाडी आडवी येते. आणि समोरून पाणी ओलांडून यावं तर धार जोराची आणि थंडगार.

तिथेच मी पहिला ट्राउट पाहिला. उथळ पाण्यात, हरभऱ्यापासून लिंबाएवढ्या खडीवर. एक मादी कुशीवर वळायची, शेपटीने खडी झटकायची, परत सरळ व्हायची. चार-पाच वेळा असं केलं की खालची धुतलेली खडी उजळ दिसायची, सभोवतालच्या शेवाळलेल्या दगडांत सुपाएवढा पांढुरका डाग. मागे हातभर अंतरावर नर तोंड प्रवाहाकडे करून उभा, अंगावर काळे आणि तांबडे ठिपके, तांबड्या ठिपक्यांभोवती फिक्की कडी. ब्राउन ट्राउट. अर्धा तास मी बांधावर पालथा पडून बघत होतो. मोसम का बंद ठेवतात ते सांगायला यानंतर कुणाची गरज उरली नाही. तशा उजळ खडीत पाय ठेवू नये, खाली अंडी असतात, हेही चाचाजींनीच सांगितलं.

गंमत म्हणजे हा मासा मूळचा इथला नाहीच. साहेब लोकांनी आपल्या हौसेसाठी विसाव्या शतकाच्या तोंडावर स्कॉटलंडहून काश्मिरात आणला, आणि तिथून १९०९ मध्ये कुल्लूत. गार, वाहतं, प्राणवायू भरपूर असलेलं पाणी मिळालं आणि तो इथलाच झाला. मलप्रभेत त्याला सोडलं तर एप्रिल बघायचा नाही. तीर्थन अजून अशी मोकळी वाहते त्यामागे तिथल्या लोकांचा वीजप्रकल्पांना झालेला विरोध आहे. माजी आमदार दिलेराम शबाब यांचं नाव त्या खोऱ्यात अजून आदराने घेतात. आमच्याकडे म्हादई नदीला मिळणाऱ्या कळसा-भांडुरा नाल्यांच्या पाण्यावरून राज्याराज्यांत लवाद झाला, २०१८ मध्ये निवाडा आला, तरी भांडण चालूच आहे. त्या रात्री चुलीपाशी चाचाजींना मी म्हादईची गोष्ट सांगितली. त्यांनी सगळी ऐकून घेतली आणि विचारलं, "और मछली?" माशाचा विचार त्या भांडणात कुणी केल्याचं माझ्या ऐकिवात नव्हतं.

बेळगावला परतल्यावर उपग्रहाचा नकाशा उघडून वहीतल्या नोंदी त्याच्यावर बसवल्या. मला तीन गोष्टी बघायच्या होत्या: रस्ता नदीपासून कुठे दूर किंवा खूप उंचावर जातो, पूल कुठे आहेत, आणि दोन पुलांच्या मध्ये पलीकडचा काठ चालण्यासारखा आहे का. मशीन शॉपमध्ये ड्रॉइंग वाचायची सवय आहे, त्यामुळे हे काम मला मासे पकडण्याइतकंच आवडलं, खोटं कशाला सांगू. चार जागा निघाल्या. त्यातली एक तीच, मादी पाहिली होती ती.

स्पिनरही, म्हणजे गरीच्या वर लावायची, पाण्यात ओढली की फिरणारी चकचकीत पानं, घरीच केले. अर्ध्या मिलीमीटरची पितळी शिम, म्हणजे पातळ पत्रा, पानाच्या आकारात कापून, टोकाला भोक पाडून, बॉलपीन हातोडीने हलकेच ठोकून खोलगट केलेली. खोल कमी झाली तर पाण्यात फिरत नाही, जास्त झाली तर भोवऱ्यासारखी गरगरते आणि तंगूसाला पीळ बसतो. बादलीत ओढून ओढून नऊ जमले. गरीच्या टोकाजवळचा उलटा काटा पकडीने चेपून टाकला, म्हणजे मासा सोडताना तोंड फाटत नाही. काटा चेपताना मामा शेजारी होते. म्हणाले, "मग तो सुटेल की!" म्हटलं, "सुटूदेच की." त्यावर ते बराच वेळ काही बोलले नाहीत.

दुसरी खेप मार्चच्या मध्यावर. आमच्याकडे मार्चअखेरची घाई, रजा मागताना घाम फुटला, पण एप्रिल-मेमध्ये बर्फ वितळून नदी चढते आणि गढुळते, शिवाय सुट्टीचे लोक येतात. दुसरा चांगला काळ पावसाळा सरल्यावर, सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर. आणि वार बघून गेलो, मंगळवार ते गुरुवार. शनिवार-रविवारी दिल्ली-चंदीगडच्या गाड्या येतात, त्या दोन दिवसांत मी नदीकडे फिरकलोच नाही, चाचाजींच्या बागेत काम केलं.

परवाना वाटेतल्या सरकारी ट्राउट फार्मवर काढला, मी गेलो तेव्हा दिवसाला शंभर रुपये. पाच मिनिटांचं काम. पण घाईघाईने कागद खिशात कोंबून निघू नका. तिथे माणूस बसलेला असतो, त्याच्याशी बोला. 'चांगली जागा कुठे' असं मी विचारलं नाही, कारण तो सगळ्यांना सांगतो तीच सांगणार. 'लोक कुठे जातात' एवढंच विचारलं. त्याने अगदी मनापासून, एकेक करून सांगितलं, आणि मी वहीत त्या सगळ्या जागांवर फुली मारली.

पहिला दिवस फुकट गेला, आणि चूक सगळी माझीच. मलप्रभेची सवय! एका डोहाशी बसलो आणि बसलोच. शेवाळलेल्या दगडावरून घसरलो, गुडघा फुटला, दोन स्पिनर दगडांत अडकले, एक मागच्या झाडात. संध्याकाळी चाचाजींचा पुतण्या हसत म्हणाला की इथे मासा येण्याची वाट बघत नाहीत, चालत राहतात.

दुसऱ्या दिवशी तसंच केलं. पहाटे पूल ओलांडला, पलीकडच्या काठाने बरंच खाली गेलो आणि तिथून प्रवाहाच्या उलट्या दिशेने वर यायला लागलो. ट्राउट तोंड प्रवाहाकडे करून उभा असतो, त्यामुळे खालून येणारा माणूस त्याच्या पाठीमागे असतो. सूर्य दरीत उशिरा उतरतो तोवर सावलीचीही भीती नाही. एक दगड उलटून पाहिला: खाली वाळूचे कण चिकटवून केलेल्या इवल्या नळ्या, त्यात अळ्या. ताट वाढलेलं होतं. मग प्रत्येक मोठ्या दगडामागे, जिथे धार फुटून खिशाएवढं शांत पाणी उरतं, तिथे पाच-सहा वेळा स्पिनर टाकायचा आणि पुढे व्हायचं. मोठे डोह सरळ सोडून दिले. समोरच्या काठावर आठच्या सुमारास दोघं येऊन डोहावर बसले, मी कातळाच्या या बाजूला, त्यांना दिसलोही नसेन.

त्या कातळाच्या वरच्या अंगाला तो लागला. मरळ ओढते ती जड, खाली, खुंटाला बांधल्यासारखी. हा सुतारासारखं ठोकत होता, टक टक टक, आणि मग एकदम धारेत शिरला. तीन-चार मिनिटं असतील. हात पाण्यात बुडवून गार केले, कोरड्या हाताने धरलं तर त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो, आणि तळव्याखाली त्याला पाण्यातच धरलं. दीड वीत. तेच तांबडे ठिपके, तीच फिक्की कडी. गरी बोटाने सरकवली तर अलगद निघाली. तो लगेच गेला नाही, तोंड प्रवाहाकडे करून माझ्या बोटांत थोडा वेळ उभा राहिला, कल्ले हलत होते. मग बोटं रिकामी झाली.

तीन दिवसांत असे सात. त्या काठावर तीन दिवसांत भेटलेली माणसं दोन: सफरचंदवाल्या आजी आणि गाई वळणारा एक पोरगा. जागा नेमकी कुठली, ते विचारू नका. दोन पूल आणि एक कातळ, एवढं सांगितलंय.

घरी आल्यावर मामांना फोन केला. सगळं ऐकून घेतलं त्यांनी.

"सात लागले?"

"सात."

"आणि खाल्ले किती?"

"एकही नाही. सोडले."

पलीकडे काडी ओढल्याचा आवाज आला. "अडीच हजार किलोमीटर जाऊन मासे पाण्यात ठेवून आलास. शाणा आहेस." थोडं थांबून म्हणाले, "ते पितळेचं पान एक उरलंय काय? रविवारी घेऊन ये. असोग्याला पुलावरून पलीकडे जाऊन बघू."